आधी दावं बघायचं

सकाळी साडेसातला मी बॉनेटवर तळहात टेकवला आणि ते कोमट लागलं. डिसेंबरची सकाळ होती. जुन्या गाड्या विकणाऱ्या त्या यार्डातल्या बाकी सगळ्या गाड्यांच्या काचांवर दव साचलेलं आणि ही एकटी कोरडी ठणठणीत.

"साहेब, तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून, धुऊन ठेवली," यार्डवाला म्हणाला.

मी भाच्याकडे बघितलं. तो गाडीकडे बघत होता, म्हणजे आता त्याच्याकडून काही मदत होणार नव्हती. मी यार्डवाल्याला म्हटलं, "आज राहू दे. उद्या याच वेळेला येतो. आम्ही येईपर्यंत हिला हात लावायचा नाही, चावी खिळ्यालाच राहू द्या."

भाचा पार हिरमुसला. कोपऱ्यावर चहा घेताना त्याला समजावून सांगावं लागलं. रात्रभर उभ्या गाडीचं सगळं तेल खाली तळाला उतरलेलं असतं. बटण दाबल्यावर ते वर चढेपर्यंतचे काही सेकंद इंजिन जवळजवळ उपाशी चालतं आणि त्याची जी काही दुखणी असतील ती तेव्हाच ऐकू येतात. इंजिनातली टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ढिला असेल तर खडखड होते. व्हॉल्व्हच्या सीलमधून रात्री तेल झिरपलं असेल तर पहिल्या फुंकरीला निळसर धूर येतो. इंजिन थंड ठेवणारं कूलंट आत जात असेल तर धूर पांढरा, गोडसर वासाचा आणि लवकर न विरणारा. दहा मिनिटं चालवून आणलेल्या गाडीत यातलं बरंच काही दडून जातं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात सगळेच शहाण्यासारखे बसतात, तसं.

"मामा, तू फार संशयी आहेस," तो म्हणाला.

असेन. तीस वर्षं भोसरीत टूलरूममध्ये काढली. समोरचा 'बरोबर आहे' म्हणाला की हात आपोआप मायक्रोमीटरकडे जातो.

भाच्याला हवी होती बीएमडब्ल्यूची एम३४०आय. तो हिंजवडीत आहे, वय चौतीस, लग्नाला चार वर्षं झालेली, फ्लॅटचे हप्ते चालू. २०२१ च्या मार्चमध्ये ही गाडी भारतात आली तेव्हा शोरूमची किंमत ६२ लाख ९० हजार होती. जुळणी चेन्नईजवळच्या कारखान्यात. तीन लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं टर्बो पेट्रोल इंजिन, ३८७ अश्वशक्ती, ५०० न्यूटन मीटर, ताकद चारही चाकांना, शून्यावरून शंभरला ४.४ सेकंद. बी५८ नावाचं हेच इंजिन टोयोटाच्या सुप्रातही बसवलेलं आहे. जपान्यांनी आपल्या लाडक्या गाडीत जर्मन इंजिन घालणं म्हणजे देशस्थाच्या घरात कोकणस्थाची आमटी, पण ती आमटी खरंच उत्तम आहे. आणि गंमत म्हणजे गाडी बाहेरून साधी थ्री सीरीजच दिसते. सोसायटीतल्या काकांना कळतसुद्धा नाही की खाली काय उभं आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला ताशी १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे, वर कॅमेरे. एवढ्या अश्वशक्तीचं तिथे काय करायचं, हा प्रश्न मी भाच्याला एकदाच विचारला. तो म्हणाला, "मामा, तुझ्याकडे हजारातला एक भाग मोजणारं मायक्रोमीटर आहे. तू घरी त्याने काय मोजतोस?" मी पुन्हा विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्याकडून आधीच वदवून घेतली. अशी गाडी तीन-चार वर्षांनी बरीच स्वस्त मिळते, पण तिची ब्रेक डिस्क स्वस्त होत नाही. पार्टच्या काउंटरवर बसलेल्या माणसाला तुम्ही गाडी कितीला घेतलीत याच्याशी देणंघेणं नसतं, तो नव्या गाडीचाच भाव सांगतो. म्हणून किमतीचा सातवा-आठवा हिस्सा पहिल्या वर्षासाठी वेगळा काढून ठेवायचा आणि तो नसेल तर गाडी परवडत नाही असं समजायचं. हप्ता बसतो म्हणून गाडी घेणारी माणसंच दोन वर्षांनी ती विकायला काढतात. आपण ज्यांच्याकडून घ्यायला जातो ती बहुतेक हीच.

माझे आजोबा माणदेशातले. सांगोल्याचा रविवारचा बाजार हे त्यांचं खरं देऊळ. मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा बैल घ्यायला मला सोबत नेलं होतं. मला अजून आठवतं ते म्हणजे आजोबा बैलाकडे बघतच नव्हते. ते आधी दावं बघत होते. मग वेसण, मग गळ्यातला कंडा, मग पायाशी पडलेली वैरण. एका खिलार खोंडाची शिंगं साळून, हिंगूळ लावून अशी चमकवली होती की मी तिथून हलेना. आजोबांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. "बैल कुनीबी सजवंल रं. दावं बघ."

त्या खोंडाचं दावं तीन ठिकाणी गाठी मारून जोडलेलं होतं. म्हणजे तो दावं तोडणारा. वेसणीपाशी नाक सोललेलं होतं. म्हणजे ओढल्याशिवाय न चालणारा. हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, मात्र सांगत होता, लेकराच्या हातानं चालतो. आदत आहे का दुस्सा का चौसा, दात किती, खूर कसे, हे सगळं आजोबांनी बघितलं पण नंतर, दुसऱ्या बैलाचं. शेवटी रुमालाखाली दोघांची बोटं बराच वेळ हलत राहिली आणि सौदा ठरला. मला त्या रुमालाखाली काय चाललंय ते बघायचं होतं, म्हणून मी खाली वाकलो. दुसरी टपली बसली.

दाव्याला कोण रंग लावणार? जुनी महागडी गाडी बघताना मला हेच सापडत आलंय. लेदर, रंग, अलॉय, डॅशबोर्ड अशा जिथे नजर जाते त्या गोष्टी पंधरा-वीस हजारांत कुणीही चकाचक करून देतो. नजर जात नाही त्या स्वस्त गोष्टींवर मालकाचा हात दिसतो.

दुसऱ्या दिवशी आमच्यासोबत उस्ताद होते. नाना पेठेतल्या पार्टच्या गल्ल्यांत लहानाचे मोठे झाले, आता स्वतःचं गॅरेज आहे. यार्डवाल्याने शब्द पाळला होता, बॉनेट थंडगार. भाच्याने बटण दाबलं, उस्ताद मागे सायलेन्सरपाशी उकिडवे बसले, मी पुढे कान लावून. खडखड नाही. धूर दिसला तो थंडीतल्या वाफेचा, लगेच विरला. इंजिन आधी जरा मोठ्याने, मग मिनिटभरात शांत.

"चांगलं वाजतंय," उस्ताद म्हणाले. भाचा खुलला. आणि उस्ताद सवयीने तेल बघायला बॉनेटमध्ये वाकले, बोटं इकडे तिकडे फिरली आणि थांबली.

"डिपस्टिक कुठंय?"

नाहीच. या गाडीत तेलाची पातळी पडद्यावर बघावी लागते, तीही इंजिन तापल्यावर. उस्तादांनी रुमालाला न लागलेलं तेल पुसलं. "आता तेल किती ते टीव्हीवर बघायचं," ते पुटपुटले. मला त्यांचं दुःख कळलं. तेलाचा रंग बघणं, दोन बोटांत चोळणं, वास घेणं, यात चाळीस वर्षांचं ज्ञान होतं आणि कंपनीने ते एका नळीसकट काढून टाकलं.

माझीही तशीच फजिती झाली. मी खिशातून लोहचुंबक काढला. पत्र्यावर जाड पुट्टी असेल तिथे चुंबक नीट चिकटत नाही, ही जुनी युक्ती. बॉनेटला लावला, सरळ घसरून खाली पडला. भाचा घाबरला, त्याला वाटलं गाडी पुट्टीचीच बनवलीय. या गाडीचं बॉनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे आहेत, चुंबक चिकटणारच नाही. मग रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं. दोन प्रकारची मिळतात, फक्त लोखंडावर चालणारी आणि दोन्हीवर चालणारी. घेतलंत तर दुसरं घ्या. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. सगळीकडे तेवढाच आला, फक्त उजव्या पुढच्या दारावर २८०.

"स्क्रॅच होता साहेब, एक पॅनल मारलाय."

एक दार रंगवलं म्हणून मी गाडी सोडत नाही. पुण्यात एकही दार न रंगवता गाडी चालवणाऱ्याचा सत्कार करायला हवा. बघायचं ते दाराच्या बिजागरीचे आणि फेंडरचे बोल्ट. त्यांच्या डोक्यावरचा रंग पान्याने सोलला असेल तर तो भाग काढून लावलाय. दोन हेडलाइटवरच्या तारखा वेगळ्या असतील तर पुढून ठोकलीय. इथे बोल्ट शाबूत होते. यार्डवाला खरं बोलत होता, निदान दारापुरतं.

मग मी खाली बसलो आणि दावं बघायला लागलो.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेलं. तीन टायर एकाच कंपनीचे, जवळपास एकाच वयाचे, अर्धे झिजलेले. मागचं डावं वेगळ्याच कंपनीचं आणि नवंकोरं. कुणी म्हणेल, नवं टायर म्हणजे फायदाच. पण चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत एक टायर नवं आणि तीन झिजलेली म्हणजे चौघांचे घेर वेगळे. मधला ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा, दिवसभर तो फरक सांभाळत घासत राहतो. एका टायरमागे वाचवलेले पैसे, आणि ट्रान्सफर केसचा खर्च त्याच्या कितीतरी पट. ज्याने बासष्ट लाखांच्या गाडीला एकच टायर घातलं, तो ते घालताना काय हिशेब करत होता? आणि जो टायरला हिशेब करतो, तो तेल बदलायच्या वेळी करणार नाही?

वॉशरच्या टाकीत नळाचं पाणी, वर शेवाळ्याचा हिरवट पापुद्रा. वायपर काचेवर कुरकुरत होते. मॅट उचललं, खाली वाळू. पण लेदरवर पॉलिशचा असा थर की पँट घसरत होती. मीटरवर ३१ हजार किलोमीटर. ब्रेकच्या पेडलचं रबर एका कोपऱ्यात गुळगुळीत झालेलं. ३१ हजारात तसं होऊ शकतं, पुण्याच्या सिग्नलना तर नक्कीच. मी ती गोष्ट मनात ठेवून दिली.

खरा घोटाळा उस्तादांच्या बोटाने पकडला. इंजिनवर हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, त्याच्या कनेक्टरजवळच्या वायरिंगवर त्यांनी तर्जनी फिरवली, पुन्हा फिरवली, मग माझा हात धरून माझं बोट तिथे नेलं. चिकट लागलं. टेप काढल्यावर उरतो तसला डिंक, त्यावर बारीक धूळ बसून काळा झालेला. वायरीवरचं कंपनीचं कापडी वेष्टण दोन इंच मागे सरकलेलं.

"डब्बा होता हितं," उस्ताद म्हणाले.

सेन्सर आणि इंजिनचा कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक छोटा डबा बसवतात. तो कॉम्प्युटरला खोटा दाब सांगतो, मग टर्बो जास्त हवा भरतो. ताकद वाढते. विकायच्या आधी डबा काढायचा, तो वेगळा विकायचा आणि गाडी 'एकदम स्टॉक', म्हणजे कंपनीतून आली तशी. ट्यून केलेल्या गाडीवर माझा राग नाही. बी५८ इंजिन मुळात दणकट आहे, चांगलं पेट्रोल आणि वेळेवर तेल मिळालं तर थोडी जादा ताकद पचवतं. पण दाब वाढवला की पेट्रोलही वरच्या दर्जाचं लागतं. तेव्हा आपल्याकडे साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं, ९५ चं वेगळं, आणि डिसेंबर २०२० पासून इंडियन ऑइलचं १०० चं मोजक्या पंपांवर. जो माणूस टायर एकच बदलतो, तो प्रत्येक टाकीला महागडं पेट्रोल शोधत फिरला असेल, यावर माझा विश्वास बसेना.

गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला. फॉल्ट शून्य. यार्डवाला हसला. उस्तादांनी पुढचं पान उघडलं. गाडी स्वतःच्या तपासण्या स्वतः करत असते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर वगैरे, आणि त्या पूर्ण झाल्या की तशी नोंद ठेवते. कुणी फॉल्ट पुसले की या नोंदीही पुसल्या जातात आणि पुन्हा पूर्ण व्हायला नेहमीसारखं बरंच चालवावं लागतं. इथे निम्म्या तपासण्या अपूर्ण होत्या. म्हणजे पाटी नुकतीच पुसली होती. पाटीवर काय लिहिलं होतं ते आता कुणालाच कळणार नव्हतं.

तरी चालवून बघितली. यार्डवाल्याने बसता बसता गाणी लावली, मी बंद केली. काचा खाली घेतल्या आणि चांगला रस्ता सोडून मुद्दाम खडबडीत गल्लीत घातली. अशी गाडी बघायला जाणारा माणूस आधी ॲक्सिलरेटर दाबतो. तिथे ती कुणालाही जिंकते, त्यासाठीच बनवलीय. ताशी पंधराने गतिरोधकावरून जाताना सस्पेन्शनचे रबरी बुश बोलतात, स्टीअरिंगचे सांधे बोलतात. ते गप्प होते. मग मोकळ्या मैदानात स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवली आणि पायाखाली हलकी थरथर आली, कुणी पाठीमागून धरून ठेवल्यासारखी. चाकांचे घेर भांडत होते.

आणि मग भाच्याने पहिल्यांदा, रस्ता मोकळा बघून, पाय दाबला. मी काही बोललो नाही. चार सेकंदांत माझं बावन्न वर्षांचं पोट पाठीला टेकलं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी यापूर्वी त्याच्या सातव्या वाढदिवसाला, सायकल दिली तेव्हा बघितलं होतं. त्यानंतर त्याला "नको" म्हणायला मला दोन दिवस लागले.

खरं तर कागदांनीच काम सोपं केलं. गाडीचा नंबर पीवाय, म्हणजे पुदुच्चेरी. तिथे कर कमी, म्हणून महागड्या गाड्या तिथे नोंदवायची जुनी पद्धत. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथे नोंदवावी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला, खासगी मालकाची असेल तर, १३ टक्के असा हिशेब धरला तरी नवी असताना हा आकडा आठ लाखांच्या वर जातो. जुनी झाली की वयाप्रमाणे कमी होतो, पण मूळ रक्कमच एवढी की उरलेलीही झोंबते. म्हणून ती गाडी बाजारभावापेक्षा 'स्वस्त' होती. आरसीवर बँकेचा बोजाही तसाच. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. "येतंय साहेब, प्रोसेसमध्ये आहे." विम्यात ५० टक्के नो क्लेम बोनस दाखवला होता, भाचा त्यावरही खूश. बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. मालक बदलला की तो जुन्या मालकासोबत जातो. विमा मात्र एका कामाला येतो. मालकाला सोबत घेऊन विमा कंपनीकडून आजवरच्या क्लेमची यादी मागायची. मालक सोबत यायला टाळाटाळ करू लागला की यादी न बघताच कळते.

आम्ही ती सोडली.

इथे हे लिखाण संपलं असतं तर मी शहाणा ठरलो असतो. पण त्या यार्डात मागच्या भिंतीला लागून ताडपत्रीखाली आणखी एक गाडी होती, आणि तिसऱ्या फेरीला वाऱ्याने ताडपत्रीचा कोपरा उडाला.

ई६० एम५. पांढरी. दहा सिलिंडर.

ज्यांना हे नाव माहीत आहे त्यांना समजावायला नको. ज्यांना नाही, त्यांच्यासाठी एवढंच: २००५ ते २०१० या काळात बीएमडब्ल्यूने फाइव्ह सीरीजमध्ये पाच लिटरचं व्ही१० इंजिन बसवलं. टर्बो नाही, मिनिटाला ८२५० फेऱ्यांपर्यंत फिरणारं, ५०७ अश्वशक्तीचं. फॉर्म्युला वनमध्ये २००५ पर्यंत दहा सिलिंडरची इंजिनं होती, त्यांचा वारा या कुटुंबाच्या गाडीला लागला. चालू केल्यावर ती फक्त ४०० अश्वशक्ती देते. उरलेल्यांसाठी वेगळं बटण. जगभरात सगळ्या मिळून २०,५८९ बनल्या, सेडान आणि टूरिंग धरून. आमच्या टूलरूमच्या भिंतीवर, मशीनच्या तक्त्यांशेजारी, मी हिचं चित्र कापून चिकटवलं होतं. ते तेलकट होऊन गळून पडलं तेव्हा मी चाळिशीत होतो.

यार्डवाल्याने भाव सांगितला. एका बऱ्या नव्या एसयूव्हीएवढा. माझ्या डोक्यात काहीतरी हललं.

तिची दुखणी मला पाठ होती. कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं लवकर झिजतात, ती साठ-सत्तर हजार किलोमीटरला आपणहून बदलणारे मालक आहेत. न बदलता बसली तर इंजिनच जातं. थ्रॉटलचे दोन ॲक्च्युएटर जातात. एसएमजी नावाचा सात गिअरचा डबा आहे, क्लच माणसाऐवजी हायड्रॉलिक पंप दाबतो, आणि तो पंप आजारी पडला की गाडी आहे तिथे उभी राहते. तेलही वेगळं, १०डब्ल्यू-६०, नऊ लिटरच्या वर. हे सगळं मला माहीत होतं आणि त्या दुपारी मी काय हिशेब करत होतो? २००८ ची गाडी, आरसीची पंधरा वर्षं संपलेली, आयात गाडीच्या पुन्हा पासिंगची फी २०२२ च्या एप्रिलपासून १५,००० ऐवजी ४०,००० झालीय. चाळीस हजार जास्त वाटतात का, यावर मी विचार करत होतो.

बॉनेटला हात लावायचंही सुचलं नाही. "चालू करा," म्हणालो. तो आवाज. सुरुवातीला जरा घोगरा, डबक्यात दगड पडल्यासारखा, मग सुटा सुटा होत गेलेला. उस्ताद बेअरिंगसाठी कान देत होते, मला काही ऐकू येत नव्हतं आणि सगळं ऐकू येत होतं. यार्डवाला म्हणाला, डॉक्टरांची गाडी आहे. मी मान डोलावली. डॉक्टरांची गाडी! आजवर या वाक्याला मी किती वेळा हसलो असेन.

"टोकन किती द्यावं लागेल?" असं कुणीतरी विचारलं. मीच विचारलं होतं.

तेवढ्यात भाचा मागच्या सीटवर जाऊन बसला होता. तीन दिवसांत त्याला सवय लागली होती. त्याने मागचा सीटबेल्ट धरला आणि ओढायला सुरुवात केली. बेल्ट येत राहिला, काळा, स्वच्छ, येत राहिला. सगळे पुढचा भाग बघतात, धुणाराही तेवढाच धुतो. शेवटची वीतभर पट्टी बाहेर आली ती तपकिरी होती. वर एक सरळ रेघ, नदीकाठच्या घरांच्या भिंतीवर पुरानंतर राहते तशी. त्याने नखाने खरवडलं. बारीक गाळ निघाला.

"धूळ असेल," मी म्हटलं.

भाचा काही बोलला नाही. त्याने बेल्ट तसाच ताणून धरला. उस्ताद डिकीकडे गेले, उजव्या बाजूला बॅटरीचं झाकण उघडलं, आत टॉर्च मारला आणि एक कनेक्टर ओढून आणला. तांब्याच्या पिनांवर हिरवा गंज. या गाडीत डिकीच्या कडांनी अर्धा मेंदू बसवलेला असतो. पाणी एकदा तिथवर चढलं की गाडी आज चालते, उद्या काच खाली होत नाही, परवा एअरबॅगचा दिवा लागतो, तेरवा चालूच होत नाही. आणि ते दुरुस्त होत नाही, फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी जातं.

"मामा," भाचा म्हणाला, "दावं."

परतताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही. उस्तादांनी एकदा, "आवाज चांगला होता पण," एवढं म्हटलं. माझ्या समाधानासाठी असावं.

दोन महिन्यांनी भाच्याने नाशिकच्या एका गृहस्थांकडून एम३४०आय घेतली. किंमत पहिलीपेक्षा सव्वादोन लाखांनी जास्त. नंबर एमएच १५. चारही टायर एका कंपनीचे, एका महिन्यातले. गृहस्थांनी फाइल समोर ठेवली, त्यात वायपरच्या ब्लेडचं बिलसुद्धा होतं, आणि हवेचा फिल्टर ठरल्याआधीच बदलल्याची नोंद, कारण 'त्या वर्षी शेतातल्या रस्त्याने बरंच जाणं झालं'. बॉनेट थंड होतं. मी विचारलं तर म्हणाले, "तुम्ही बघायला येणार म्हणून मुद्दाम काढली नाही." भाच्याने बेल्ट ओढले, पाचही. गृहस्थ आवडीने बघत राहिले.

परवा त्या यार्डावरून जात होतो. रविवार होता, काम काही नव्हतं. आत गेलो. ताडपत्री घडी करून कोपऱ्यात ठेवलेली, भिंतीपाशी जागा रिकामी. "गेली साहेब, कोल्हापूरला," यार्डवाला म्हणाला, "एक तरुण पोरगा होता, आवाजच ऐकला नुसता." ती उभी होती तिथे फरशीवर रुपयाएवढा डाग होता. मी वाकून बोट लावलं आणि उजेडात धरलं. पातळ, हिरवट. इंजिनचं नव्हतं. हायड्रॉलिकचं असणार.